पोरांना मुंबई दाखवायची म्हणजे...

'मुंबई दर्शन' हा शब्द पहिल्यांदा कुणाला सुचला असेल, देव जाणे. पण ज्याला सुचला त्याला आपली माणसं बरोबर कळली होती. दर्शन आपण देवाचं घेतो. फार तर एखाद्या साधुपुरुषाचं, नाहीतर मंत्र्याचं. आणि मग एकदम या शहराचं! गावाहून पाहुणे आले, पोरांना नाताळची सुट्टी लागली, की डबा घ्यायचा, पाण्याची बाटली घ्यायची आणि मुंबईच्या दर्शनाला निघायचं. राणीबाग, म्युझियम, गेटवे, चौपाटी, म्हातारीचा बूट. अष्टविनायकासारखा क्रमही जवळजवळ ठरलेला.

आता गंमत बघा. आपल्याकडे पूर्वी पोराबाळांसकट घराबाहेर पडायचं म्हणजे काहीतरी कारण लागायचं. लग्न, बारसं, जत्रा, कुलदैवताचा नवस. 'चला, सहज शहर बघून येऊ' असं म्हणून चार माणसं सकाळी घर सोडतात आणि रात्री हात हलवत परत येतात, प्रसाद नाही की आहेर नाही, ही कल्पना फार जुनी नाही. मुंबईपुरतं बोलायचं तर तिचं वय दीडशे वर्षांच्या आसपास. आणि ती आपोआप आलेली नाही. त्यासाठी तीन गोष्टी जमून याव्या लागल्या : कामाला एक दिवस सुट्टी, परवडेल असं वाहन आणि आपल्यासारख्यांना आत सोडणारं फाटक. या तिन्हींचा इतिहास वेगवेगळा आहे, आणि त्यातली पहिली गोष्ट सगळ्यात महागात पडलेली आहे.

हे सगळं डोक्यात यायला कारण झाली आमची थोरली. वय वर्षं आठ. डिसेंबरात तिला आणि पाच वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन आम्ही दोघं डोंबिवलीहून निघालो. भायखळ्याला उतरून राणीबागेकडे चालताना तिला सांगत होतो, 'तुझे पणजोबा इथे जवळच लालबागच्या गिरणीत होते. ते दर रविवारी आजोबांना इथे आणायचे.' त्यावर बाईसाहेब विचारतात, 'आणि त्यांचे बाबा त्यांना आणायचे का?'

नव्हते आणत. आजोबांचे वडील संगमेश्वराकडे शेती करायचे, तो भाग वेगळा. पण पोरगीचा प्रश्न मला चिकटला. गिरणीतला माणूस आपल्या पोराला पहिल्यांदा बागेत कधी घेऊन आला असेल? घरी आल्यावर थोडं वाचलं, थोडं जुनं वाचलेलं आठवलं. ते इथे मांडतो.

रविवार

राणीबाग सुरू झाली १८६२ साली. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या पत्नीच्या हस्ते उद्घाटन. मुंबईतली पहिली कापडगिरणी त्याच्या जेमतेम सहा-आठ वर्षं आधी, १८५४-५६ च्या सुमारास निघालेली. पुढच्या वीस-तीस वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ या बाजूला धुराड्यांचं रान माजलं. म्हणजे बाग आणि गिरणगाव एकमेकांना लागून वाढले. पण बागेच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला बागेत जायला वेळ कुठला? गिरणी उजाडायला सुरू व्हायची आणि मावळेपर्यंत चालायची. दिवे नव्हते म्हणून तरी रात्री सुटका! सुट्टी मिळायची ती सणावाराला.

आणि पोरं? पोरं कुठे होती हे ऐका. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा आला. त्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचं काम दिवसाला नऊ तासांवर आणलं. 'आणलं' म्हणजे त्याआधी ते त्याहून जास्त होतं! ही तेव्हाची सुधारणा.

हे पुन्हा वाचताना मी जरा थांबलो. आमची थोरली आठ वर्षांची आहे. त्या हिशेबाने ती राणीबागेत माकडांना वेडावत नसती. पलीकडच्या गिरणीत कायदेशीरपणे नऊ तास उभी असती. पाच वर्षांच्या धाकट्याला दोन वर्षांची सवलत.

इथे नारायण मेघाजी लोखंडे हा माणूस येतो. शाळेच्या पुस्तकात त्याला एखादी ओळ मिळते, जास्त नाही. महात्मा फुल्यांचा सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु' पत्र चालवणारा. आधी स्वतः नोकरी केलेला, त्यामुळे कामगारांचे हाल त्याला ऐकून नव्हे, पाहून माहीत. १८८४ च्या सप्टेंबरात त्याने परळला कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या वाचल्या तर आज हसू येईल इतक्या साध्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी द्या. काम करताना जखमी झालेल्याला काहीतरी द्या.

हो म्हणायला गिरणीमालकांना सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायका भाषणाला उभ्या राहिल्या होत्या. १८९० साल आहे हे, लक्षात घ्या. आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. साहेबाचा रविवार चर्चचा, सरकारी कचेऱ्यांना तो आधीपासून होताच. लोखंड्यांनी म्हणे युक्तिवाद केला होता की रविवार हा आमच्या खंडोबाचाही वार आहे. खरंखोटं खंडोबाला ठाऊक, पण युक्तिवाद मला आवडला. आपला देव साहेबाच्या देवाशेजारी बसवून सुट्टी काढून घेतली म्हणायची!

पुढच्या वर्षी, १८९१ साली, कायदा सुधारला. नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी, नऊ ते चौदाला सात तास, आणि आठवड्याची सुट्टी कायद्यात आली.

आता यातला योगायोग. राणीबाग आधी नुसती झाडाफुलांची बाग होती. तिला आणखी जागा जोडून तिथे प्राणी ठेवायला सुरुवात झाली तीही १८९० च्याच सुमारास. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असा माझा दावा नाही. पण गिरणगावाला पहिल्यांदा रविवार मिळाला आणि शेजारच्या बागेत प्राणी आले, हे जवळपास एकाच वेळी झालं खरं. माझ्या पोरीच्या प्रश्नाचं त्यातल्या त्यात बरं उत्तर हेच : १८९० च्या पावसाळ्यानंतरचा एखादा रविवार.

घोडा, ट्राम, डबलडेकर

सुट्टी मिळाली तरी जायचं कसं? आगगाडी १८५३ पासून होती, बोरीबंदर ते ठाणं. पण ती लांबच्या पल्ल्याची. शहरातल्या शहरात फिरायला सामान्य माणसाला पाय होते, नाहीतर रेकला. ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम आली. कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत आणि बोरीबंदरपासून पायधुणीपर्यंत. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम, १९२० साली दोन मजली ट्राम, १५ जुलै १९२६ ला पहिली मोटारबस, आणि १९३७ साली दोन मजली बस.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ट्रामच्या पिढीतले. लालबागवरून ट्राम जायची. आजोबा दोन्ही पोरांना घेऊन निघायचे, पण जाताना चालत आणि येताना ट्रामने, असा कायदा होता. जाताना पाय ताजे असतात, तेव्हा पैसे कशाला घालवायचे? ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. अण्णा तेव्हा बारा वर्षांचे. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते म्हणतात. ट्रामची घंटा ते अजून तोंडाने वाजवून दाखवतात, आणि नातवंडं दर वेळी तितकीच खूश होतात.

माझ्या वाट्याला डबलडेकर आली. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट, समोरची काच उघडी, आणि झाडाच्या फांद्या सपकन अंगावर येतात की काय अशी धाकधूक. मुंबई दर्शनातलं मला सगळ्यात काय आवडायचं असं कुणी विचारलं असतं तर मी राणीबाग नाही, डबलडेकर म्हणालो असतो. ती लाल डिझेलची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. पर्यटकांची उघड्या टपाची 'नीलांबरी' त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली. आता फोर्टात विजेवरची वातानुकूलित डबलडेकर आहे. आम्ही पोरांना घेऊन तिच्यात चढलो. गार आहे, गुळगुळीत आहे, आवाज नाही. काच उघडत नाही, एवढंच. पोरांना तक्रार नव्हती. त्यांना उघडी काच माहीतच नाही.

भाड्याचं म्हणाल तर बेस्टचं कमीत कमी तिकीट २०१९ साली पाच रुपयांवर आणलं होतं, ते मे २०२५ मध्ये दहा झालं. एसीला बारा. तरीसुद्धा चार माणसांनी एवढ्या पैशात शहर बघावं असं दुसरं वाहन या शहरात नाही.

फाटक

आता तिसरी गोष्ट. ही दर्शनाची सगळी ठिकाणं बांधली कुणी आणि कुणासाठी? एकेक घेऊ.

राणीबागेच्या आवारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईतलं सगळ्यात जुनं. पायाभरणी १८६२, उघडलं १८७२ साली, नाव व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. नाव राणीचं, पण त्यासाठी झटले आणि पैसे उभे केले ते जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, डेव्हिड ससून अशा मुंबईकरांनी. भाऊंचं नाव त्याला मिळायला १९७५ साल उजाडावं लागलं. आत मातीची छोटी छोटी माणसं आहेत, मुंबईतल्या जातीजमातींची, पागोट्यांसकट. आमचा धाकटा तिथे जो बसला तो हलेना. 'बाबा, हा चिडलाय. बाबा, हा झोपलाय.' इतिहासाचं ज्ञान म्हणून त्याने एवढंच घेतलं, आणि ते पुष्कळ झालं.

बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं तोच हा. १८६४ साली त्याला उचलून विलायतेला न्यायचा बेत झाला. उचलताना क्रेन तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. मग ते तुकडे इथे आणून टाकले, आणि १९१४ साली जोडून उभे केले. पोरांना ही गोष्ट सांगितली तर दोघांनी हत्तीभोवती फेऱ्या मारून सगळे सांधे शोधून काढले. जायचा होता लंडनला, राहिला भायखळ्याला! मला तर वाटतं हत्तीने मुद्दामच अंग सोडलं असणार.

त्याच आवारात पदच्युत मंडळीही आहेत. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला. आणि सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा. हाच तो काळा घोडा. १९६५ साली तो फोर्टातून उचलून इथे आणला, पण तिथल्या चौकाचं नाव काही कुणी बदललं नाही. २०१७ साली त्या चौकात नवा काळा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. अण्णांनी जुना घोडा दोन्ही ठिकाणी पाहिलाय. त्यांचं म्हणणं, तिथे असताना राजा मोठा दिसायचा, इथे घोडा मोठा दिसतो.

गेटवेची गोष्ट तर त्याहून मजेशीर. २ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला, त्याच्या स्मरणार्थ ही कमान. पण राजा आला तेव्हा कमान कुठे होती? त्याला पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवली. पायाचा दगड बसला १९१३ साली आणि कमान पुरी होऊन उघडली १९२४ च्या डिसेंबरात. पुढच्या चोवीस वर्षांत, २८ फेब्रुवारी १९४८ ला, शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून बोटीत चढली. राजाला यायला उशिरा झालेली कमान पलटणीला जायला मात्र वेळेवर मिळाली. १९६१ च्या प्रजासत्ताकदिनी समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. आज तिथे पोरं कबुतरांमागे धावतात, गावाहून आलेल्या बायका पदर सावरून फोटोला उभ्या राहतात, आणि पंचम जॉर्ज कोण हे कुणी विचारत नाही.

गेटवे बांधणाऱ्या जॉर्ज विटेटचीच दुसरी इमारत म्हणजे जवळचं मोठं म्युझियम. युवराजाच्या नावाने १९०५ साली पायाभरणी, १९१४ पर्यंत इमारत तयार, पण मधे महायुद्ध आलं म्हणून तिथे लष्करी इस्पितळ. म्युझियम म्हणून उघडलं ते १९२२ साली. १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे २०१९ पासून लहान मुलांसाठी वेगळं दालन आहे.

मलबार हिलवर पोरांनी आम्हाला पेचात पकडलं. 'हँगिंग गार्डन म्हणजे बाग लटकलीये कुठे?' तर ती लटकलेली नाही, ती पाण्याच्या डोक्यावर आहे. शहराला पाणी पुरवणारी मोठी टाकी आहे तिथे, एकोणिसाव्या शतकातली, आणि तिच्या छतावर १८८१ साली लावलेली ही बाग. पुढे तिला फिरोजशहा मेहतांचं नाव मिळालं. समोर १९५२ साली कमला नेहरू पार्क झालं आणि त्यात म्हातारीचा बूट. इंग्रजी बडबडगीतातली ती म्हातारी, बुटात राहणारी, पोरांचं लेंढार असलेली. आमच्या थोरलीने बुटाच्या खिडकीतून खाली पाहिलं, चौपाटीवर दिवे लागत होते, आणि म्हणाली, 'एवढ्याशा घरात एवढी पोरं? म्हणजे आपल्या आजोबांची चाळच की!' दहा बाय बारात नऊ माणसं राहायची, हे अण्णांनी तिला सांगितलेलं. बुटाचा इतका नेमका अर्थ मी तरी कुठे ऐकला नव्हता.

१९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय मात्र दाखवता आलं नाही. ते काही वर्षांपूर्वी बंद झालं. माझ्या लहानपणी चौपाटीच्या आधी मासे हे ठरलेलं असायचं.

तर सांगायचा मुद्दा असा की ही ठिकाणं बांधली गेली राणीसाठी, राजासाठी, युवराजासाठी, साहेबाच्या शोभेसाठी. पण त्यांना रूप आलं ते आपल्या डबेवाल्या, पाण्याच्या बाटलीवाल्या, 'बाबा शू लागली'वाल्या गर्दीने. राजाचे पुतळे कोपऱ्यात गेले आणि घामेजलेली चार माणसं मध्यभागी आली. दर्शन कुणाचं, तर शहराचं. आणि शहर कुणाचं, तर जो रविवारी पोरांचं बोट धरून त्यात हिंडू शकतो त्याचं.

हिशेब

राणीबागेचं तिकीट मोठ्यांना पाच रुपये आणि मुलांना दोन रुपये असं वर्षानुवर्षं होतं. २०१६ साली कोरियाहून आठ पेंग्विन आणले, मार्च २०१७ मध्ये ते लोकांना दिसू लागले, आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून तिकीट वाढलं. मोठ्यांना पन्नास, मुलांना पंचवीस. पण एक चांगली गोष्ट केली : आईवडील आणि दोन मुलं अशा चौघांना मिळून शंभर रुपये. बरीच ओरड झाली तेव्हा. मॉलमधल्या त्या गुबगुबीत खेळघरात एका पोराला तासाला किती पडतात, हे ज्याने भरलंय त्याला शंभर रुपये काहीच वाटणार नाहीत. ज्याने भरलेलं नाही त्याला वाटतील.

हे मी उगाच लिहीत नाही. आमच्या सोसायटीचा वॉचमन मराठवाड्यातला आहे. दोन मुलं, धाकटी आमच्या थोरलीएवढीच. आम्ही रात्री परतलो तेव्हा धाकटा माझ्या खांद्यावर झोपलेला, थोरली अर्धवट झोपेत फुगा सांभाळत चाललेली. फाटक उघडताना त्याने विचारलं, 'साहेब, चौघांना किती जातात हो?' मी दुसऱ्या दिवशी त्याला कागदावर लिहून दिलं. लोकलचं सेकंड क्लासचं जाणं-येणं, राणीबागेचे शंभर, बसचे इतके, चौपाटीवरची भेळ इतकी, जेवण घरून नेलं तर शून्य. त्याने आकडा बघितला आणि म्हणाला, 'एवढे होतील की. पण सुट्टी घेतली तर त्या दिवसाचा पगार कापतात. तो यात धरला नाही तुम्ही.'

बारा तासांची ड्युटी, आठवड्याचे सात दिवस. एजन्सी सुट्टी देते, पण बिनपगारी. त्याने धरून दिलेला तो एक आकडा बाकी सगळ्या आकड्यांच्या बेरजेपेक्षा मोठा निघाला.

कायद्यात आठवड्याची सुट्टी आजही आहे. १८९१ पासून ती कधी कायद्यातून गेलेली नाही. पण गिरण्या गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि त्यातली पुष्कळशी परत आत गेलीच नाहीत. माझे आजोबा त्यांतलेच. आम्ही डोंबिवलीला आलो ते त्यानंतर. गिरण्यांबरोबर जी गोष्ट हळूच गेली तिच्याकडे आमचं लक्ष नव्हतं : भोंग्याची नोकरी करणाऱ्या, फारसं न शिकलेल्या माणसाचा पगारी रविवार. आज रविवारी राणीबागेत जी गर्दी असते तिला फाटकावर तपासून आत सोडणारा, तिला वडापाव देणारा, तिला टॅक्सीतून चौपाटीला सोडणारा, आणि घरी आल्यावर दमलेल्यांना मोटरसायकलवरून जेवण आणून देणारा, यांच्यापैकी कितीजण आपल्या पोरांना घेऊन त्या फाटकातून कधी आत गेले असतील? आम्हीही त्या रात्री जेवण मागवलंच होतं.

मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. महिन्यातून चार पगारी सुट्ट्या द्यायच्या तर बदली माणसाचे पैसे प्रत्येक घरामागे किती पडतील, हा हिशेब मांडला. घरटी महिन्याला एका पिझ्झाच्या आतच बसतो. दोघांनी 'बघू' म्हटलं, एकाने 'एजन्सीचा प्रश्न आहे' म्हटलं, एक काकू ताबडतोब हो म्हणाल्या. त्यांचे यजमान परळच्या गिरणीत होते. तूर्तास महिन्याला दोन सुट्ट्यांवर गाडी आलीये. लोखंड्यांना सहा वर्षं लागली होती, आमचा तर अजून पहिलाच महिना आहे.

असो. ज्यांना पोरांना घेऊन जायचंय त्यांच्यासाठी : राणीबाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. सकाळी लवकर जा, पेंग्विनची रांग कमी असते. हत्तीचे सांधे पोरांना शोधायला लावा, अर्धा तास निवांत मिळतो. आणि ज्यांच्या सोसायटीला वॉचमन आहे त्यांनी एकदा त्याला विचारा, रविवार कधी असतो तुझा?